घरचा हुतात्मा

राज्य टिकवायला सैन्य लागतं, खजिना लागतो, निदान एखादा धड कारभारी लागतो, असा समज ज्यांनी कधी राज्य केलं नाही त्यांच्यात फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात राज्य टिकवायला घराण्यात एक संत लागतो. सैन्य हरतं, खजिना आटतो, कारभारी तर खजिना आटवूनच जातो. संत मात्र एकदा पुरला की जागचा हलत नाही. (हलवला, तरी त्याची जत्रा भरते आणि उत्पन्न वाढतं.)

एल्मिंगांच्या राज्यात संत नव्हता. बाकी सगळं होतं, म्हणजे दलदल होती, लव्हाळं होतं आणि वाम मासे होते. इंग्लंड नावाचा देश त्या काळी अजून कुणाला सुचला नव्हता. बेटावर पाच-पंचवीस राज्यं होती आणि ज्याच्याकडे तीन घोडे तो स्वतःला राजा म्हणवून घेई. एल्मिंगांचं राज्य तीनशे उंबऱ्यांचं. त्यातले शंभर उंबरे हिवाळा लागला की पाण्याखाली जात आणि ईस्टरच्या सुमाराला वर येत, त्यामुळे राज्याचा विस्तार नक्की किती हे कोणत्या महिन्यात विचारता यावर अवलंबून असे. सारा वाम माशांत भरायचा. शेजारची राज्यं एल्मिंगांना हसत, पण त्यांचे वाम खात.

या राज्याचा धनी तिल्बर्ट. याचा आजा राजा होता. मधल्या मुलखातल्या थोरल्या राजांच्या सभेत त्याला 'राजा' म्हणूनच पुकारत. बाप त्याच जागी जाऊन बसला तेव्हा भालदार 'उपराजा' म्हणाला. भालदाराला सर्दी झाली असेल, अशी बापाने मरेपर्यंत स्वतःची समजूत घातली. तिल्बर्टला पहिल्याच वर्षी 'आमचे धाकटे उपराजे' म्हणाले आणि पाठ नसलेल्या बाकावर बसवलं. आता येत्या वसंतातल्या सभेत त्याला 'आमचा विश्वासू सेवक' म्हणणार, अशी पक्की खबर होती. सेवकांना बाकही नसतं. ते भिंतीला टेकून उभे राहतात.

उपाय एकच होता. घराण्यात संत असेल, त्याची पदवी थोरले राजे काढत नसत. यात भक्तीचा भाग किती होता ते सांगता येत नाही, पण एकदा त्यांनी एका संताच्या पुतण्याला पदावरून काढलं होतं आणि त्याच महिन्यात त्यांच्या गुरांना लाळ्या झाला. तेव्हापासून राज्याचा तो नियमच होऊन बसला. शेजारच्या वेलिंगांकडे दोन संत होते. त्यापलीकडच्या राज्यात तर एका घरात मावशी, भाची आणि मावशीची दाई असे एकूण तीन. (दाईबद्दल मतभेद आहेत.) तिल्बर्टकडे जे मेले होते ते सगळे नुसतेच मेले होते.

हा प्रश्न जेवणाच्या वेळी निघाला. मोठ्या मंडपात चुलाणं पेटलेलं, धूर छपरात कोंडलेला, आणि तिल्बर्टची आई तेट्टेबाई धुरी दिलेल्या वामाचा काटा काढत बसलेली. तेट्टेबाईंचं वय झालं होतं, पण दात शाबूत होते आणि कान त्याहून शाबूत होते. समोर तिल्बर्टची बायको क्वेनबुर्ग. ही संत असलेल्या घरातून आलेली, त्यामुळे या विषयात तिचा शब्द घरात शेवटचा मानत.

"अहो," क्वेनबुर्ग म्हणाली, "बायकांचं सोपं असतं. माझी चुलतआत्या बघा. मठात राहिली, थंड पाण्याने अंघोळ केली, वारली. सोळा वर्षांनी उकरली तर जशीच्या तशी. गालांवर लालीसुद्धा."

"कोण आहे आपल्याकडे तसं?" तिल्बर्टने विचारलं.

दोघांनीही तेट्टेबाईंकडे पाहिलं.

"मी जिवंत आहे अजून," तेट्टेबाई म्हणाल्या.

"तेवढीच अडचण आहे," तिल्बर्ट म्हणाला. तो मनाने वाईट नव्हता, फक्त घाईत होता. "आई, तू नुसती मठात जाऊन राहिलीस तरी..."

"राहीन की. आणि मग सोळा वर्षं थांबशील? सभा वसंतात आहे ना तुझी? थंड पाण्याने मी अंघोळ करणार नाही, ते आधीच सांगते. आणि सूनबाई, तुझ्या आत्याला मी ओळखत होते. तिच्या गालांची लाली जवाच्या दारूची होती. ती मेल्यावरही उतरली नसेल तर नवल नाही."

क्वेनबुर्गने पाव मोडला. मग राजघराण्याचा पाद्री प्लेग्विन खाकरला. प्लेग्विन हा अतिशय विद्वान माणूस. त्याला लॅटिन येत होतं, आणि दुसऱ्या कुणाला येत नसल्यामुळे ते बिनचूक येत होतं. त्याने सांगितलं की पुरुषांसाठी एक जवळचा रस्ता आहे. त्यात उपास नाही, तपास नाही आणि देह कुजला तरी चालतो. राजघराण्यातल्या एखाद्या कोवळ्या, निष्पाप पुरुषाचा अन्यायाने खून झालेला असावा, की झाला तो हुतात्मा. वेलिंगांचे दोन्ही त्याच वाटेने गेलेले.

चुलाण्यापाशी बसलेला कुत्राही खाजवायचा थांबला. तेट्टेबाईंनी काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"मग गावभर कशाला हिंडताय?" त्या म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपल्या घरात आहे की एक."

इथे थोडं मागे जायला हवं. सात वर्षांपूर्वी तिल्बर्ट आणि त्याचा धाकटा भाऊ शिकारीला गेले होते आणि तिल्बर्ट परत आला होता. धाकट्याला रानडुकराने मारलं, असं तिल्बर्टने जाहीर केलं. ज्यांनी प्रेत पाहिलं, त्यांच्या लक्षात आलं की त्या वर्षी डुकरांनी सुरे वापरायला सुरुवात केली असावी. एल्मिंग लोक समंजस. त्यांनी डुकरांपासून जपून राहायला सुरुवात केली आणि वाम वेळेवर पोचते केले. राज्य दोघा भावांत वाटायचं होतं, ते वाटण्याचा त्रास वाचला. धाकट्याला डुकरांच्या वाड्यामागे पुरण्यात आलं (गुन्हेगाराच्या नजरेसमोर, असं कारण दिलं गेलं). आणि घरात दुःख वाढू नये म्हणून त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, असा हुकूम निघाला.

कुणी विचारेल, की कायदा नव्हता का? होता, आणि फार चांगला होता. माणूस मारला, तर मारणाऱ्याच्या कुळाने मेलेल्याच्या कुळाला त्याच्या दर्जाप्रमाणे रक्ताची किंमत द्यायची. नाही दिली तर मेलेल्याच्या कुळाने सूड घ्यायचा. पण मारणारा आणि मेलेला एकाच आईच्या पोटचे असले तर काय करायचं, यावर कायदा खाकरतो आणि हरवलेल्या गुरांच्या कलमाकडे वळतो. किंमत द्यायची तिल्बर्टने आणि कुळाचा प्रमुख म्हणून घ्यायचीही तिल्बर्टनेच. न दिल्यास तिल्बर्टने तिल्बर्टला गाठून मारायचं. त्याने बरेच दिवस विचार केला आणि दोन्ही कुळांच्या वतीने समेट केला.

तेट्टेबाईंना सगळं पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. न्याय मागावा तर उरलेला मुलगाही त्यात जाणार, आणि न मागावा तर गेलेला दर रात्री उशाशी येऊन बसणार. त्या बोलल्या नाहीत. या न बोलण्याची त्यांना लाज वाटायची, आणि ती लाज गेली सात वर्षं त्या वामाच्या काट्यासारखी जिभेखाली धरून होत्या. त्यांना आता न्याय नको होता. हिवाळ्याच्या मोठ्या जेवणात घरातल्या मेलेल्यांचा पेला फिरायचा. घराचा धनी एकेकाचं नाव घ्यायचा, सगळे ते नाव उच्चारायचे आणि एक घोट प्यायचे. आजोबा, पणजोबा, तापाने गेलेल्या लहान मुली, अगदी घोड्यावरून पडलेला खोटारडा चुलता, सगळ्यांची नावं निघायची. धाकट्याच्या जागी तिल्बर्ट पेला नुसता पुढे सरकवायचा. बाईंना एवढंच हवं होतं, की त्या मंडपात, त्या भावाच्या तोंडून, एकदा त्यांच्या मुलाचं नाव निघावं.

तर, "आपल्या घरात आहे की एक," असं त्या म्हणाल्या.

तिल्बर्टचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यावर हळूहळू राज्यकारभार उमटला. "म्हणजे... तो?" तो म्हणाला.

"तोच. कोवळा होता, निष्पाप होता, राजघराण्यातला होता. मेलेलाही आहे. अजून काय पाहिजे तुला?"

"वा," तिल्बर्ट म्हणाला. सात वर्षांत भावाचा त्याला प्रथमच उपयोग दिसत होता. "पाद्रीबुवा, जमेल ना? लिहून टाका. रानडुकराने..."

"डुकराने मारलेल्याला हुतात्मा म्हणत नाहीत, धनी," प्लेग्विन फार हळुवार आवाजात म्हणाला. "मयत म्हणतात. खुनी माणूस लागतो."

हे अवघड होतं. पण तिल्बर्ट कामाचा माणूस. त्याने तिथल्या तिथे खुनी सुचवला. जुना कारभारी दोन वर्षांपूर्वी मेला होता, त्याला मूलबाळ नव्हतं, आणि तो आवडतही नव्हता कुणाला. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. प्लेग्विनने मान डोलवायला सुरुवात केली होती, तेवढ्यात तेट्टेबाई बोलल्या.

"कारभाऱ्याने मारला म्हणून सांगणार? थोरल्या राजांसमोर?"

"का? काय झालं?"

"काही नाही. वेलिंगांच्या थोरल्या संताला कुणी मारलं?"

"सख्ख्या काकाने."

"आणि धाकट्याला?"

"चुलतभावाने," क्वेनबुर्ग म्हणाली. तिचा सूर बदलला होता. "आमच्याकडच्या एकाला तर सावत्र आईने. अहो, सासूबाई म्हणतात ते खरं आहे. नोकराने मारलेला संत कुठेच नाही ऐकला."

"नोकराने मारला तर ती मारामारी झाली," तेट्टेबाई म्हणाल्या. "घराण्यातल्याने मारला तर इतिहास होतो. आपल्यात काय एक खुनी निघू नये धड? लोक म्हणतील, एल्मिंगांना खुनासाठीसुद्धा बाहेरून माणूस लावावा लागतो."

तिल्बर्टला हे लागलं. कुळाच्या अब्रूचा प्रश्न आला की तो हळवा व्हायचा. त्याने घराण्यातल्या पुरुषांचा मनातल्या मनात आढावा घेतला. बाप त्या आधीच वारलेला. चुलता घोड्यावरून पडलेला. आढावा लवकर संपला.

"मग उरतं कोण?" तो म्हणाला.

सगळे आपापल्या ताटात बघत होते.

"पण माझी बदनामी नाही का होणार?"

यावर प्लेग्विनने जे सांगितलं ते घडी घालून जपून ठेवण्यासारखं आहे. तो म्हणाला, की खून लपवणारा राजा बदनाम होतो. खून करून पश्चात्ताप करणारा राजा थोर होतो. त्याने नुसतं चारचौघांत रडायचं, गुडघे टेकायचे आणि एक मठ बांधायचा. वेलिंगांचा काका आज साठीत आहे, लोक त्याच्या अंगरख्याला हात लावून आजारपणं बरी करून घेतात. ज्याने कधी कुणाला मारलंच नाही, त्याच्या पश्चात्तापाला वजन कुठून येणार?

"म्हणजे भावाला मारल्यावर मान वाढतो?" तिल्बर्टने पडताळून पाहिलं.

"नुसतं मारून नाही, धनी. जमीन द्यावी लागते."

जमीन द्यायची ठरली. जी हिवाळ्यात पाण्याखाली जाते तीच द्यायची, म्हणजे अर्ध्या वर्षाचंच दान पडतं, असंही ठरलं. मग तेट्टेबाईंनी आपली अट घातली. त्या म्हणाल्या, "कबुली इथे द्यायची, या मंडपात, सगळ्यांसमोर. आणि नाव घेऊन द्यायची. 'माझा भाऊ' म्हणून भागवायचं नाही."

"घेईन ना," तिल्बर्ट म्हणाला. "त्यात काय आहे?" आणि त्याने दारूचा पेला तोंडाला लावला, तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

कामाला वेग आला. प्रथम चमत्कार लागतात. डुकरांच्या वाड्यावर रात्री उजेडाचा खांब दिसत होता का, अशी चौकशी गावात करण्यात आली. पहिल्या दिवशी कुणाला काही आठवेना. दुसऱ्या दिवशी चौकशीबरोबर दारूचं पिंप पाठवलं, तेव्हा निम्म्या गावाला आठवलं, आणि पिंप संपेपर्यंत ज्यांचा जन्म त्यानंतरचा होता त्यांनाही आठवलं. एका बाईची गाय त्या जागेवरून चालत गेल्यावर दुप्पट दूध देऊ लागली होती. एका मुक्याला वाचा फुटली होती. (हा मुका पुढे मठाबाहेर मेणबत्त्या विकू लागला आणि गिऱ्हाइकाला बोलू देईना.) वाड्यातली डुकरंही इतर डुकरांपेक्षा गंभीर वाटतात, असं मत पडलं. त्यांना ताबडतोब माफी देण्यात आली.

अस्थी उकरायच्या दिवशी तेट्टेबाईंनी कुणाला खड्ड्यात उतरू दिलं नाही. लव्हाळ्याची चटई पसरून त्या स्वतः गुडघ्यांवर बसल्या आणि चिखलातून एकेक हाड काढून धुऊ लागल्या. डाव्या हाताचं हाड त्यांच्या हातात आलं, तेव्हा त्या थांबल्या. कोपराच्या खाली ते वाकडं जुळलेलं होतं. लहानपणी तो होडीवरून ओंडक्यांवर पडला होता, आणि त्यांनीच लाकडाच्या चिपा बांधून तो हात जुळवला होता, थोडा वाकडा. तेव्हा तो रडला नव्हता. म्हणाला होता, आई, दुखत नाही, तू रडू नकोस. बाईंनी ते हाड पदरात घेतलं आणि तिथे, सगळ्या गावासमोर, मोठ्याने रडल्या. प्लेग्विनने तेही चमत्कारांत धरलं.

बिशप आले. मोठे रुबाबदार आणि थंडीने निळे पडलेले. संताच्या अस्थींना सुगंध येतो, ही पहिली कसोटी. आमच्याकडे शपथेचं वजन जसं दर्जाप्रमाणे असतं, तसा वासही दर्जाप्रमाणे येतो. बिशपांना गुलाबाचा आला. सरदारांना मधाचा आला. मध्यम स्थितीतल्यांना काहीतरी चांगलं भाजल्यासारखा आला. सर्वांत शेवटी वाम धरणाऱ्या कोळ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, आम्हाला कोण वास येऊ देतोय, पण येत असणार. तेट्टेबाईंना चिखलाचा वास आला. पण त्या आई असल्याने त्यांचं मत निःपक्षपाती धरता येत नव्हतं.

दुसरी कसोटी नावाची होती, आणि ती कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. बिशपांनी नाव विचारलं, प्लेग्विनने त्यांच्या कानात सांगितलं, आणि बिशपांनी नाक दाबलं.

"हे चालणार नाही," ते म्हणाले. "या नावात जुन्या देवाचा तुकडा आहे. गडगडाटाचा तो, त्याचा. अशा नावाने प्रार्थना केली तर ती कुठे जाईल, याची मला खात्री देता येत नाही."

"बिशपसाहेब, याच नावाने पाणी शिंपडलंत ना तुम्ही लोकांनी त्याच्यावर?" तेट्टेबाई म्हणाल्या. "तेव्हा नाही वास आला?"

"तेव्हा तो संत होणार आहे, हे माहीत नव्हतं, बाई. साध्या माणसाला चालतं."

"साधाच होता तो."

"होता. आता नाही."

"माझा मुलगा आहे. नाव मी ठेवलंय. त्याच्या आज्याच्या मांडीवर ठेवलंय."

बिशपांनी अत्यंत सहानुभूतीने मान हलवली. सहानुभूती हा त्यांचा हातखंडा होता. मग त्यांनी रोमच्या भाषेतलं एक नवं नाव काढलं. त्याचा अर्थ 'ज्याने कुणाचं काही बिघडवलं नाही तो' असा होत होता. नाव भारदस्त होतं, पण एल्मिंगांच्या जिभेला पेलेना. पहिल्याच दिवशी लोकांनी त्याचे तीन वेगवेगळे उच्चार केले, चौथ्याचा उच्चार अश्लील निघाला, म्हणून संध्याकाळपर्यंत सगळे त्याला 'तिल्बर्टचा संत' म्हणू लागले. ते सोपं होतं.

कबुलीचा सोहळा मंडपात झाला आणि दृष्ट लागण्यासारखा झाला. तिल्बर्ट अनवाणी आला. (मंडपात नवं गवत पसरून घेतलं होतं.) त्याने केस मोकळे सोडले होते. तो गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला की मी पापी आहे, मी माझ्या भावाचा जीव घेतला, या हातांनी घेतला. असं म्हणून त्याने हात वर केले. बायका हुंदके देऊ लागल्या. दोन सरदारांनी डोळे पुसले, एकाने पुसण्यासाठी दुसऱ्याचा अंगरखा घेतला. सांगायला हवं की तिल्बर्ट खरोखरच रडत होता. सात वर्षं दाबलेलं बाहेर पडत होतं, आणि ते बाहेर पडल्यावर आपण किती बरे दिसतो, हेही त्याला समोरच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

तेट्टेबाई उठून उभ्या राहिल्या. "नाव घे," त्या म्हणाल्या.

तिल्बर्टने आईकडे पाहिलं. त्याचे ओठ हललेसुद्धा. क्षणभर बाईंना वाटलं की निघालं, आता निघालं. मग त्याची नजर बिशपांकडे गेली. बिशप छताकडे पाहत होते. तिल्बर्टने डोळे मिटले आणि ते नवं, रोमचं नाव अगदी शुद्ध उच्चारून घेतलं. त्याने पाठ केलं होतं. मंडप 'आमेन'ने दणाणला. लोक धावले आणि खुन्याच्या हातांची चुंबनं घेऊ लागले. तेट्टेबाई उभ्याच होत्या, आणि त्यांच्या मागच्यांना काही दिसत नसल्याने त्यांनी खाली बसावं, असं त्यांना दोनदा सांगण्यात आलं.

वसंतातल्या सभेत भालदाराने खणखणीत आवाजात 'राजा' म्हटलं. तिल्बर्टला पाठ असलेलं बाक मिळालं. थोरल्या राजांनी त्याला जवळ बोलावून, भावाला मारताना मनात नेमकं काय आलं होतं, हे फार आस्थेने विचारलं. त्यांनाही दोन भाऊ होते.

मठ झाला. यात्रेकरू येऊ लागले, आणि संस्था म्हणून पाहिलं तर तिच्यात नाव ठेवायला जागा नाही. साधारण शंभरातले साठ यात्रेकरू खून झाला ती जागा बघायला येतात. पंचवीस जण राजेसाहेबांना बघायला येतात. राजेसाहेब शुक्रवारी पश्चात्ताप करतात, त्यासाठी लवकर येऊन पुढची जागा धरावी लागते. दहा जण भावाशी वाटणीचा तंटा असलेले असतात. ते संताला हात जोडून, आमचंही असंच निर्विघ्न पार पडू दे, असं मागतात. (नवस फळल्याची उदाहरणं आहेत. त्यातून आसपासच्या दोन घराण्यांना संत मिळाले.) उरलेले पाच वामासाठी येतात. सुरा चांदीच्या म्यानात घालून वेदीजवळ ठेवला आहे. अस्थींच्या पेटीपेक्षा त्याच्यापुढे गर्दी जास्त असते, पण पेटीत पाहण्यासारखं तरी काय आहे.

हिवाळा आला, मोठं जेवण झालं, मेलेल्यांचा पेला निघाला. आजोबा, पणजोबा, लहान मुली, खोटारडा चुलता. धाकट्याच्या जागी तिल्बर्ट थांबला आणि त्याने पेला पुढे सरकवला.

"का रे?" तेट्टेबाईंनी विचारलं. "आता कसली बंदी आहे? सगळ्या मुलखाला सांगून झालंय तुझं."

"आई, बंदी नाही," तिल्बर्ट म्हणाला. तो आता फार सौम्य बोलायचा, थोर झाल्यापासून. "पण हा मेलेल्यांचा पेला आहे. संत मेलेले नसतात. ते स्वर्गात जिवंत असतात. विचार पाद्रीबुवांना."

प्लेग्विनने तसंच असल्याचं सांगितलं. लॅटिनमध्येही सांगितलं.

तेट्टेबाईंनी वाद घातला नाही. ताटातला वाम तसाच टाकून त्या उठल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या मठाच्या दाराशी, पायरीच्या दगडावर जाऊन बसू लागल्या. कुणाला हाक मारायच्या नाहीत, काही मागायच्या नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे नुसत्या बघायच्या, की हा विचारेल. कुणी विचारलं असतं, तर त्यांनी नाव सांगितलं असतं, आणि त्या माणसाने ते एकदा मोठ्याने म्हटलं असतं तरी त्यांना पुरलं असतं. लोक त्यांना विचारायचे, की सुरा कुठे ठेवलाय, राजे आज रडणार का, आणि घोडा कुठे बांधू.

माणसं वाईट नसतात. लांबून येतात, दमलेली असतात, जे बघायला आली ते बघून त्यांना अंधाराच्या आत घर गाठायचं असतं. आपलंच घ्या. आपण अगदी पहिल्या ओळीपासून बरोबर आहात. राजाचं नाव आपल्याला पाठ झालं, त्याच्या बायकोचं झालं, पाद्र्याचं झालं. डुकराच्या जागी आपण हसलातही. एका माणसाचं नाव मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि ते आपण विचारलंही नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, थोडं बाजूला होऊन आत चला, मागे रांग आहे. पायरीवर म्हातारी बसली आहे, तिला पाय लागू देऊ नका. सुरा आत गेल्यावर उजव्या हाताला आहे.